भांग

(हिं., गु. भांग, बं. भांग, सिद्धी, क. भंगी, फा. बंग, सं. भंगा, विजया, मातुलानी, लॅ. कॅनाबिस सटायव्हा, कुल–कॅनाबिनेसी). भांग, गांजा व चरस हे तीन मादक पदार्थ, दोरखंडास लागणारा चिवट धागा आणि तेल देणारे बी ही सर्व ज्या एका वर्षायू (एक वर्ष जगणाऱ्या) ओषधीपासून मिळतात, ती ही वनस्पती. तिचे मूळ स्थान मध्य व पूर्व आशिया असून हिमालयाच्या पायथ्याशी ती रानटी अवस्थेत विपुल आढळते. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र ती मूळची नाही. येथे आढळणारी झाडे लागवडीची किंवा लागवडीतून निसटलेली असतात. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञांनी भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जाती कल्पिली. तथापि दोहोंचा संकर सहज होतो आणि मधल्या सर्व पायऱ्या निसर्गात सापडतात, म्हणून बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ ही एकच, पण अत्यंत परिवर्तनशील जाती मानतात.

मराठी वाचकाने येथे नावांचा एक घोळ टाळावयास हवा. आपल्याकडील ताग (क्रोटॅलॅरिया जुन्सिया) आणि अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) ही धाग्याची पिके असली, तरी भांगेशी त्यांचे नाते नाही. अंबाडीच्या जातिवाचक नावाचा अर्थच ‘भांगेसारखी’ असा असून तिच्या पानांच्या हातासारख्या विभागणीमुळे ते पडले आहे. साम्य तेवढ्यापुरतेच, अंबाडीची भाजी खाणाऱ्यास कसलीही नशा येत नाही.

वर्णन : ही ओषधी सरळ वाढते, उंची १ ते ५ मी. असते. खोड कोनीय, खोबणीदार व बारीक केसांनी आच्छादलेले असते. पाने हस्ताकृती संयुक्त असून त्यांत ३ ते ११ (बहुधा ५ ते ९), लांबट, टोकदार व दातेरी कडांची दले असतात. वनस्पती विभक्तलिंगी आहे, म्हणजे पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे निरनिराळ्या झाडांवर येतात. मात्र एकाच झाडावर दोन्ही येण्याचे प्रकारही क्वचित आढळतात. नर झाड उंच, सडपातळ व विरळ फुलोऱ्याचे असते आणि परागकण वाऱ्यावर सोडून दिल्यावर लवकर वाळते. मादी झाड बुटके, दाट पानांचे असून त्याच्या शेंड्याशी फुलांचे गच्च झुबके येतात. प्रत्येक स्त्री-पुष्पाभोवती एक लहान छद (फुलाखालचे पान) असते आणि त्यावर देठाच्या, गोल डोक्याच्या प्रपिंडीय केसांची दाटी असते. हे केस सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या टाचण्यांसारखे दिसतात. त्यांच्या डोक्यात पाझरणारी चिकट, उग्र वासाची राळ हेच या वनस्पतीचे मादक द्रव्य होय. फळ कृत्स्नफल प्रकारचे व एकबीजी असते. बियांत सु. ३० टक्के तेल व उत्तम प्रतीचे प्रथिन असते. राळ मात्र जवळजवळ नसते.

मादक पदार्थ : वाळविलेली पाने म्हणजे भांग. ती वाटून, दूध, साखर, बडीशेप, मिरी व बदाम यांबरोबर घोटून ठंडाईतून किंवा बर्फी व माजूम या रूपांत घेतात. महाशिवरात्र व होळी या सणांशी तिचा संबंध असून हे प्रस्थ उत्तर भारतात अधिक आहे. मादी झाडांचे फलन न झालेले, राळेने माखलेले शेंडे म्हणजे गांजा. तो चिलमीतून ओढतात. झाडांवरून खरवडून किंवा हातांनी चोळून जमविलेली नुसती राळ म्हणजे चरस. मादकता या क्रमाने वाढत जाते. व्यवहारात गांजेकस व भंगड हे शब्द निराळ्या माणसांसाठी वापरले जातात, त्यामागे केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. खाणे व ओढणे यांत शरीरास घडणारे अनुभवही खरोखर भिन्न आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

चांगल्या गांजासाठी मादी फुलांचे फलन होता कामा नये, कारण बी धरले की राळ कमी होते. म्हणून फुले उमलण्यापूर्वीच नर झाडे ओळखून उपटून टाकावी लागतात. हे काम कौशल्याचे आहे; बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसरात (आता बांगला देशात) त्यासाठी ‘पोद्दार’ म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र जाणकार असे. कापलेले शेंडे उन्हात सुकवून ढीग रचीत व पायांनी तुडवीत. त्यामुळे राळ घट्ट बसून ‘चपटा’ गांजा तयार होई. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा हे गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र होते व सातारा जिल्ह्यातही ती होत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही लागवड, साठा व विक्री परवान्याखाली आणली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गांजा हे सरकारला महसूल देणारे पीक होते, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे.

पूर्वेतिहास : अथर्ववेदात ‘भंग’ हा शब्द पवित्र वनस्पतींच्या संदर्भात येतो; परंतु तेथे आजचीच वनस्पती अभिप्रेत आहे किंवा नाही, याविषयी मतभेद आहेत. मध्ययुगीन वैद्यक ग्रंथांत मात्र संदेहास जागा उरत नाही. शार्ङ्गधरसंहितेने ‘व्यवायी’ द्रव्याचे, म्हणजे पचन होण्याआधीच सर्व शरीरात पसरून नंतर पचणाऱ्या द्रव्याचे, उदाहरण म्हणून भांग व अफू ही दोनच नावे दिली आहेत. निरीक्षण सूक्ष्म आहे. भावप्रकाशात ती दीपन, पाचन व ग्राही सांगितली असून मोह व मद उत्पन्न करणारी म्हणूनही नोंदविली आहे. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आणि शोधनावाचून तिचा वापर निषिद्ध मानला. पुण्यातील हडपसर येथील सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांतून ज्या आयुर्वेदाचे पदवी शिक्षण आज दिले जाते, त्यातही अगदतंत्र (विषविज्ञान) या विषयात भांग उपविष म्हणूनच शिकविली जाते, हे ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ असे मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. शोधनाच्या एका पद्धतीत भांगेची पुरचुंडी दुधात टांगून उकळतात व नंतर पाने धुऊन, सुकवून तुपात परततात. राळ स्निग्ध पदार्थांत विरघळते. त्यामुळे तिचा काही अंश दुधात उतरून जातो.

यूरोपीय वाचकांना या वनस्पतीचे पहिले तपशीलवार वर्णन मिळाले ते गोव्यातून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. त्यातील एक प्रकरण ‘बंग’ या द्रव्यावर आहे. ती घेणाऱ्या आपल्या नोकरांना कामाचे श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न होते व भूक वाढते, असे त्यांनी नोंदविले. चारशे वर्षांनंतरच्या प्रयोगशाळांनी यांपैकी भूक वाढण्याची गोष्ट पूर्णपणे खरी ठरविली. कलकत्ता येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये प्राण्यांवरील व रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, पटकी, संधिवात व लहान मुलांचे झटके यांत त्यांनी गांजाचा अर्क वापरला. त्यांच्यामुळे हे औषध पाश्चात्त्य वैद्यकात शिरले. परंतु अर्काची मात्रा कधी निष्प्रभ, तर कधी अतिरेकी ठरे. अशा बेभरवशाच्या औषधास पुढे वेदनाशामकांच्या नव्या गोळ्यांनी सहज मागे सारले व १९३२ मध्ये ते ब्रिटिश औषधिकोशातून वगळले गेले.

रासायनिक घटक : राळेत शंभराहून अधिक निकटसंबंधित संयुगे असून त्यांस कॅनाबिनॉइडे म्हणतात. त्यांपैकी कॅनाबिनॉल हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे करण्यात आले, कॅनाबिडायॉल १९४० मध्ये आणि नशेस मुख्यत्वे कारणीभूत असणारे डेल्टा–९–टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (पुढे संक्षेपाने टीएचसी) १९६४ मध्ये. हे शेवटचे काम इझ्राएलचे राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी यांचे. अफूतील मॉर्फीन १८०५ च्या सुमारास हाती आले होते. भांगेस आणखी दीड शतक लागले, कारण तिची द्रव्ये अल्कलॉइडे नसून तेलकट आहेत व त्यांचे स्फटिक सहजासहजी मिळत नाहीत.

ताज्या वनस्पतीत टीएचसी जवळजवळ नसते. असते ते त्याचे अम्लरूप आणि ते मादक नाही. उष्णता लागली की अम्लातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन मादक रूप तयार होते. चिलमीतील निखारा हे काम क्षणात करतो. भांगेच्या बाबतीत ते उकळण्याने, तुपात परतण्याने व काही अंशी वाळवून साठविण्याने घडते. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. ठंडाईसाठी पाणी न वापरता सायीचे दूध वापरण्याची परंपरा चवीपुरती नाही, हे यावरून दिसते. कॅनाबिडायॉल नशा आणीत नाही व काही बाबतींत टीएचसीच्या विरुद्ध कार्य करते. गेल्या काही दशकांत अवैध बाजारासाठी निवडलेल्या वाणांत टीएचसीचे प्रमाण पुष्कळ वाढले व कॅनाबिडायॉलचे घटले. त्यामुळे जुन्या पिढीतील गांजाच्या अनुभवावरून आजच्या मालाविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

शरीरातील मार्ग : धुराबरोबर गेलेले टीएचसी फुप्फुसांतून रक्तात व तेथून काही मिनिटांत मेंदूत पोहोचते. परिणाम सु. अर्ध्या तासात शिगेस जाऊन दोन ते चार तासांत ओसरतो. ओढणाऱ्यास आपली मात्रा ताबडतोब उमगते व तो थांबू शकतो. पोटात घेतलेली भांग मात्र आधी आतड्यात शोषली जाते, मग यकृतात जाते आणि तेथे टीएचसीचे रूपांतर ११–हायड्रॉक्सी–टीएचसी या तितक्याच किंवा अधिक मादक द्रव्यात होते. परिणाम दिसू लागण्यास अर्धा ते दोन तास लागतात व तो सहा ते आठ तास, कधी त्याहूनही अधिक, टिकतो. होळीच्या दिवशी रुग्णालयात आणल्या जाणाऱ्या माणसांची कथा बहुधा एकच असते : पहिल्या पेल्याने काही झाले नाही म्हणून दुसरा, मग तिसरा घेतला आणि सर्वांचा परिणाम एकदम उमटला. हे द्रव्य शरीरातील मेदात साठून सावकाश बाहेर पडते. नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात. मूत्रपरीक्षेतून सेवन सिद्ध होते, त्या क्षणीची नशा नव्हे. अपघाताच्या व नोकरीच्या प्रकरणांत हा भेद नेहमी लक्षात घेतला जातोच असे नाही.

मेंदूवरील क्रिया : १९८८ मध्ये मेंदूतील कोशिकांच्या पृष्ठभागावर टीएचसी जेथे जाऊन बसते ते ग्राही (विशिष्ट रेणू पकडणारे प्रथिन) आढळले. वनस्पतीच्या रेणूसाठी मेंदूत कुलूप असावे ते का, असा प्रश्न अर्थातच निर्माण झाला. उत्तर १९९२ मध्ये मिळाले : शरीर स्वतःच अशी द्रव्ये तयार करते. पहिल्या द्रव्यास शोधकांनी संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश जातो, तेव्हा घेणारी कोशिका ही द्रव्ये उलट दिशेने सोडून देणाऱ्या कोशिकेस आवरते. जणू ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यास हळू बोलण्याची खूण करावी. ही खूण नेमक्या जागी व क्षणभरच होते. टीएचसी मात्र सर्वत्र एकाच वेळी व तासन्‌तास तीच खूण करीत राहते. विस्कळीतपणा येतो तो यामुळे.

हे ग्राही मेंदूत कोठे दाट आहेत, यावरून बहुतेक लक्षणांचा उलगडा होतो. स्मृतीशी संबंधित भागात ते विपुल असल्यामुळे नुकतेच बोललेले वाक्य विसरते. निमस्तिष्कात (लहान मेंदूत) असल्यामुळे तोल व हालचालींतील सुसूत्रता बिघडते. भूक, भावना व काळाची जाणीव नियंत्रित करणाऱ्या केंद्रांत असल्यामुळे खाण्याची इच्छा वाढते, अकारण हसू येते व दहा मिनिटे तासासारखी भासतात. श्वसन चालविणाऱ्या मस्तिष्कपुच्छात मात्र ते फार विरळ आहेत. अफूच्या अतिमात्रेने श्वास बंद पडून मृत्यू येतो, तसा भांगेने प्रौढ माणसास सहसा येत नाही, याचे कारण हेच.

तत्कालीन परिणाम : डोळे लाल होणे, तोंडास कोरड, नाडी जलद होणे व उभे राहताना रक्तदाब उतरून घेरी येणे ही शारीरिक लक्षणे होत. हृदयविकार असलेल्यास नाडीची ही वाढ घातक ठरू शकते. मनाची स्थिती मात्रेवर, सवयीवर व परिस्थितीवर अवलंबून असते. एकास प्रसन्नता वाटते, तर दुसऱ्यास तीच मात्रा भीतीने ग्रासते. ‘मी मरणार’ अशी खात्री, आजूबाजूचे लोक कट करीत आहेत असा संशय, क्वचित निर्वस्तुभ्रम (नसलेल्या गोष्टी दिसणे वा ऐकू येणे) अशी लक्षणे अधिक मात्रेत दिसतात व सामान्यतः काही तासांत निवळतात. अशा माणसास शांत, अंधूक जागी, परिचिताच्या सोबतीने ठेवून धीर देणे हाच मुख्य उपचार. चिंचेचे पाणी, लिंबू वा ताक पाजण्याचा प्रघात आहे. शुद्धीवर असलेल्यास त्याने अपाय होत नाही, पण गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लहान मुलाने चुकून भांगेची बर्फी खाल्ली तर प्रौढांविषयीचा दिलासा लागू होत नाही. मुलांत गाढ गुंगी व श्वास मंदावणे हे प्रकार घडतात आणि त्यांस विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, त्वचा कोरडी व तापलेली आणि रुग्ण हवेत काही वेचीत असल्यासारखा बडबडत असेल, तर भांगेत धोतऱ्याचे बी मिसळले असल्याचा संशय घ्यावा. ती निराळी व कितीतरी गंभीर विषबाधा आहे.

वेडाचा प्रश्न : गांजाने माणूस वेडा होतो, ही समजूत महाराष्ट्रात खेडोपाडी आहे आणि तिची तपासणी एकदा फार कसोशीने झाली. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या सभासदाने हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. सात सदस्यांत तीन भारतीय होते; मुंबई इलाख्यातील एक जिल्हाधिकारी ओमानी हेही त्यात होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या व १८९४ मध्ये सात खंडांचे प्रतिवृत्त सादर केले.

त्यावेळी गांजाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी. पुणे, कुलाबा, रत्नागिरी, धारवाड अशा ठिकाणच्या इस्पितळांतून दरवर्षी तक्ते जात व त्यांत ‘वेडाचे कारण’ या रकान्यात गांजा हा शब्द वारंवार येई. आयोगाने १८९२ सालचे रुग्ण निवडून, एकेकाच्या गावी व नातेवाइकांकडे पुन्हा चौकशी करविली. तेव्हा असे दिसले, की तो रकाना बहुधा वैद्य भरीत नसत. रुग्णास पाठविणारा पोलीस किंवा दंडाधिकारी कारण लिही. कारण ठाऊक नसले आणि माणूस गांजा ओढतो असे कोणी म्हटले, की तेच कारण ठरे. इस्पितळातील कारकून त्याची नक्कल करी आणि वर्षअखेरीस ती नक्कल शास्त्रीय आकडा म्हणून छापली जाई. त्या वर्षीच्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे वेड या पदार्थांमुळे आल्याची नोंद होती. फेरचौकशीत ९८ उरले आणि त्यांतही केवळ या पदार्थांखेरीज दुसरे कारण न सापडलेले ६१ होते. माफक सेवनाने लक्षणीय हानी होत नाही, अतिसेवनाने होते, विशेषतः मूळची मानसिक दुर्बलता असेल तर, असा निष्कर्ष आयोगाने काढला व संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रण आणि करवाढ सुचविली.

या प्रतिवृत्ताचा दाखला आज ‘गांजा निरुपद्रवी आहे’ असे म्हणणारे देतात. तो अर्धवट दाखला होय. आयोगाने आकडे कमी केले, शून्य केले नाहीत. आणि ६१ माणसे ही लहान गोष्ट नव्हे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात ४५,५७० सैन्यभरतीच्या तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेतला गेला. भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) या विकाराचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सु. सहा पट आढळले. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर हे प्रमाण घटते, पण नाहीसे होत नाही. न्यूझीलंड व यूरोपातील नंतरच्या अभ्यासांनी त्यास दुजोरा देऊन दोन गोष्टी स्पष्ट केल्या : सेवनाची सुरुवात जितकी लहान वयात तितका धोका अधिक आणि रोज, टीएचसीने समृद्ध माल घेणाऱ्यास तो सर्वाधिक. कुटुंबात असा विकार असलेल्यांनी तर या पदार्थाच्या वाटेस जाऊच नये. विकाराच्या सुरुवातीस बेचैनी शमविण्यासाठीही काहीजण गांजाकडे वळतात. म्हणून प्रत्येक रुग्णात कारण कोणते व परिणाम कोणता हे सांगणे कठीण असते. दंडाधिकाऱ्याच्या रकान्याइतके ते सोपे नाही. परंतु बहुसंख्य सेवन करणाऱ्यांस वेड लागत नाही, हे जितके खरे, तितकेच ज्यास लागते त्याच्या घरी ते आयुष्यभर राहते हेही खरे आहे.

दीर्घकालीन परिणाम व व्यसन : नित्य ओढण्याने जुनाट खोकला व श्वासनलिकादाह होतो. अवधान व स्मृती मंदावतात. प्रौढांत सेवन थांबविल्यावर त्या बऱ्याच अंशी सुधारतात, किशोरवयात सुरुवात झालेल्यांबाबत तशी खात्री देता येत नाही, कारण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. गर्भवतीने सेवन केल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. वर्षानुवर्षे सेवन करणाऱ्या काहींना वारंवार, न थांबणाऱ्या उलट्यांचा विकार जडतो. उन्हाच्या-गरम पाण्याच्या स्नानाने तात्पुरता आराम पडणे ही त्याची विलक्षण खूण आहे.

गांजाचे व्यसन लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सेवन करणाऱ्यांपैकी सु. दहांतील एकास परावलंबित्व येते; सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे व अस्वस्थता ही लक्षणे एकदोन आठवडे राहतात. दारूच्या मानाने ती सौम्य असतात. केंद्र शासनाच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, त्यापूर्वीच्या वर्षभरात देशातील सु. २.२ कोटी लोकांनी भांग व सु. १.३ कोटी लोकांनी गांजा वा चरस घेतला होता. भांग घेणारे अधिक असूनही अपायकारक सेवन गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त होते. विशिष्ट प्रतिविष वा औषध नाही. समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग व सोबत असलेल्या मनोविकाराचा उपचार यांवर भर द्यावा लागतो. पुण्यात येरवडा येथे डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र या क्षेत्रातील महाराष्ट्राचे अग्रणी केंद्र आहे.

औषधी उपयोग : सिद्ध झालेले उपयोग मोजके आहेत. लहान मुलांतील अपस्माराच्या दोन दुर्मिळ व चिवट प्रकारांवर शुद्ध कॅनाबिडायॉलला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोगावरील रासायनिक उपचारांतील मळमळ व काही तंत्रिका विकारांतील स्नायूंचा ताठरपणा यांवर टीएचसीयुक्त औषधे उपयोगी पडतात. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो अशा जाहिरातींना आधार नाही. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील विषारी द्रव्यांच्या सूचीत भांग समाविष्ट असून ती असलेली आयुर्वेदीय औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

कायदा : १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘कॅनाबिस’ची व्याख्या करताना शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. भारताच्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यानेही तीच व्याख्या स्वीकारली. त्यामुळे चरस व गांजा या कायद्याच्या कक्षेत येतात, निव्वळ पानांची भांग येत नाही. गांजाची १ किलोग्रॅमपर्यंतची मात्रा ‘अल्प’ व २० किलोग्रॅमपासून पुढची ‘व्यापारी’ समजली जाते. चरसाच्या बाबतीत हेच आकडे १०० ग्रॅम व १ किलोग्रॅम असे आहेत. व्यापारी मात्रेस किमान दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. आंध्र–ओडिशा सीमेवरील डोंगराळ भागात अवैध लागवड होते व तेथील माल सोलापूरमार्गे पश्चिमेकडे येतो. पुणे–सोलापूर महामार्ग हडपसरमधून शहरात शिरत असल्यामुळे या मार्गावर गांजा पकडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. पकडला जातो तो बहुधा वाहक. पिकविणारा व विकत घेणारा दूरच राहतात. स्वतः होऊन उपचारासाठी येणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे, पण ती फारशी कोणास माहीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. सर्वसाधारण नियंत्रण मात्र कायम आहे. धागा व बियांसाठी ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणांच्या लागवडीस उत्तराखंडात परवाने दिले जातात. महाराष्ट्रात भांगेची स्थिती अशी, की केंद्रीय कायद्यातून ती सुटली, तरी मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याखाली तिची लागवड, साठवण व विक्री परवान्यावाचून गुन्हा ठरते. वाराणसीत सरकारमान्य दुकानात मिळणारी तीच पाने पुण्यात बाळगणे म्हणून शिक्षेस पात्र आहे.